गाडी अण्णांनी नेली होती

नामदेवअण्णा दुसऱ्यांच्या मोटारसायकली बिनदिक्कत आपल्या घरी नेत असत, आणि या कामाबद्दल गल्लीत त्यांना मान होता. दुपारचं जेवण झालं की टोपी घालून ते बाहेर पडायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दारापुढे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं हँडल धरून हलवून बघायचे. हँडल घट्ट बसलेलं असलं की सीटवर एक थाप मारून पुढे. मोकळं फिरलं की मालकाला दोन हाका. तो आला नाही तर गाडी स्टँडवरून काढायची आणि ढकलत आपल्या अंगणात न्यायची. अंगणाला पत्र्याचं उंच फाटक होतं, आतलं बाहेरून काही दिसत नसे. मालक शोधत आला की अण्णा त्याला फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसवायचे, प्यायला पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, "हँडल लॉक कावून केलं न्हाई?" त्याने काहीही कारण सांगितलं तरी अण्णांचं पुढचं वाक्य ठरलेलं असे. "म्या नेली म्हणून बसून पाणी पितोस. दुसऱ्यानं नेली असती तर बोंबलत हिंडला असतास."

अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. उंच, वाळलेले, चालताना डावा खांदा किंचित खाली. तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. गेटवरची नोकरी सुटली होती, पण गेट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम बारा दिवस झाले होते. गाव माजलगावपासून थोड्या अंतरावरचं, कॅनॉलच्या कडेचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळा तिथून दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्तीत, जिथं एसटी जात नाही. नऊ वर्षं मी सहकाऱ्यांच्या गाडीवर मागे बसून नोकरी केली. त्यांना ताप आला की मला पायी जावं लागे, त्यामुळे त्यांच्या तब्येतीची मला फार काळजी असे. अखेर वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी स्वतःची मोटारसायकल घेतली. शोरूममधून घरी आणताना मी ताशी तीसच्या वर गेलोच नाही. मागे बसलेली मनीषा, माझी बायको, म्हणाली, "सायकलवाला पुढं गेला बघा." मी म्हणालो, "नवी गाडी सुरुवातीला पळवायची नसते." खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

रविवारी आठवडी बाजार. भाजीच्या पिशव्या घेऊन एकच्या सुमारास घरी आलो. दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून किल्ली गाडीलाच राहिली. हे कारण मला पुढे सुचलं; खरं कारण एवढंच की मी विसरलो. जेवलो, झोपलो, चारला उठून बाहेर आलो तर गाडी नाही. गाडीच्या जागी एक कोंबडी उभी होती.

मनीषानं पहिला प्रश्न विचारला, "हँडल लॉक केलं होतं ना?"

"अर्थात," मी म्हणालो. हा शब्द मी एरवी वापरत नाही.

गल्ली गोळा झाली. समोरच्या किराणा दुकानदारानंही तेच विचारलं, "सर, हँडल लॉक होतं का?" बायकोसमोर एकदा होतं म्हटल्यावर गल्लीसमोर नव्हतं कसं म्हणणार? होतं म्हणालो. दुकानदार म्हणाला, "मग अण्णांनी न्हाई नेली." चार जणांनी माना डोलावल्या. हे अण्णा कोण आणि त्यांनी का न्यावी, हे विचारायचं मला सुचलं नाही. अण्णांच्या फाटकाला कुलूप होतं. केजला बहिणीला बरं नाही असा निरोप आला म्हणून ते तीनच्या एसटीनं गेलेत, असं कुणीतरी सांगितलं. माझी गाडी तेव्हा त्या पत्र्याच्या पलीकडे, माझ्यापासून दहा पावलांवर, किल्लीसकट उभी होती.

मी चौकीत गेलो. जमादारानं किल्ली मागितली. मी कपाटातली दुसरी किल्ली दाखवली आणि पहिली घरी आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलताना मी किती व्यवस्थित असतो हे मला त्या दिवशी कळलं. जमादार लिहिता लिहिता थांबला. "म्हंजे किल्ली न्हाई, हँडल लॉक तोडलं, दिवसाढवळ्या, अन् कुणाला आवाज बी न्हाई. हे शिकलेल्या हाताचं काम हाय, सर. कुणावर संशय?"

आता माझी गाडी मी उघडी टाकली होती, त्यामुळे ती कुणीही नेऊ शकलं असतं. पण मी कागदावर तिला कुलूप घातलं होतं, त्यामुळे ती नेणारा माणूस आता हुशार असणं भाग होतं. हुशार हात एकच माझ्या ओळखीचा होता. गल्लीच्या कोपऱ्यावर बबनचं गॅरेज होतं. पत्र्याची टपरी, बाहेर ऑइलनं काळी झालेली जमीन. बबन तिशीचा, कमी बोलणारा. तीनच दिवसांपूर्वी माझ्या गाडीभोवती फिरून तो म्हणाला होता, "सर, गाडी भारी हाय. पण नुसत्या हँडल लॉकवर ऱ्हाऊ नका. हिसका दिला की तुटतंय. एक साखळी घ्या." मी तेव्हा त्याचे आभार मानले होते.

"संशय असा नाही," मी जमादाराला म्हणालो, "पण..." आणि 'पण'च्या पुढे बबनचं नाव आलं. जमादारानं 'संशय असा नाही' हे काही लिहून घेतलं नाही.

दिवस मावळायच्या आत बबनला चौकीत बोलावून बसवलं. त्याची बायको सुनीता लहान मुलीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. ती ओरडली नाही, भांडली नाही. "सर, यांनी काय केलं? तुमी सांगितलं म्हनतेत." मी म्हणालो, "चौकशी असते, सोडतील." हे वाक्य मी इतक्या थंडपणे उच्चारलं, की जणू मी रोज दहा-पंधरा माणसं चौकशीला पाठवतो. मनीषा तिला पाणी द्यायला आत गेली तोवर ती निघून गेली होती. त्या रात्री घरात भाजी कुणीच केली नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं अण्णा आले. सातच्या सुमारास दार वाजलं. दारात एक अनोळखी म्हातारा उभा, आणि त्याच्या हातात माझ्या गाडीचं हँडल.

"सर, मी नामदेव. शेजारी ऱ्हातो. तुमची गाडी घ्या. घाईत जावं लागलं, सांगायचं राहून गेलं. किल्ली बी तिलाच लटकत व्हती. हे काय बरं न्हाई."

मी आनंदानं त्यांचे दोन्ही हात धरले. मागून मनीषाचा आवाज आला, "किल्ली तिलाच होती?" मी हात सोडले. ती पुढे म्हणाली, "आणि बबन?"

"बबनचं काय?" अण्णांनी विचारलं.

मनीषानं सांगितलं. अण्णांनी गाडी स्टँडला लावली आणि ते आमच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग मला म्हणाले, "नाव तुमी घेतलं?"

"संशय असा नाही, पण..."

"नाव तुमी घेतलं का, सर?"

"हो."

शिक्षकाचं डोकं अशा वेळी वेगानं चालतं. मी म्हणालो, "गाडी कॅनॉलच्या कडेला सापडली असं सांगू. म्हणजे तुमचंही नाव येणार नाही आणि माझंही."

"अन् लोक काय म्हनतील?" अण्णा म्हणाले. "बबननं चोरली, अंगावर आलं म्हणून कॅनॉलला सोडली. चला, उठा."

चौकीत अण्णांनी जमादारासमोर उभं राहूनच सांगितलं, "गाडी म्या नेली व्हती. नाव ह्यांनी घेतलं. दोघांलाबी लिव्हून घ्या, अन् त्या पोराला सोडा." मग माझ्याकडे पाहिलं. मला किल्लीचं सांगावं लागलं. जमादारानं पेन ठेवलं. "सर, तुमी गणित शिकवता म्हणं?" मी हो म्हणालो. त्याच्या मिशा हलत होत्या.

बबन बाकावरून उठून बाहेर आला. रात्रभर बसून त्याचे डोळे लाल झाले होते. अण्णांनी त्याला हात जोडले. मीही जोडले, अर्धवट. मी म्हणालो, "बस, गाडीवर सोडतो." बबननं गाडीकडे एकदा बघितलं आणि पायी निघाला.

त्या दिवसापासून अण्णांनी गाड्या घरी नेणं बंद केलं. दुपारची फेरी मात्र सोडली नाही. हँडल मोकळं सापडलं की ते त्या गाडीपाशीच थांबत. मालक येईपर्यंत, उन्हात, कधी अर्धा तास, कधी तास. आला की एवढंच म्हणत, "लाव आता लॉक." लोकांना हे पहिल्यापेक्षा जड जाऊ लागलं. गाडी नेली तर माणूस चिडू शकतो. आपल्यासाठी म्हातारा उन्हात उभा राहिला यावर काय करायचं, ते कुणाला कळत नव्हतं. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना लॉक लागू लागलं.

माझ्या गाडीपाशी त्यांना कधीच थांबावं लागलं नाही, कारण मी आता बंदोबस्तात बुडालो होतो. हँडल लॉक, पुढच्या चाकाला वेगळं कुलूप, आणि मनगटाएवढी साखळी मागच्या चाकातून काढून खिडकीच्या गजाला बांधलेली. शिवाय एक अलार्म बसवला. त्याला शेळीचं अंग लागलं तरी तो किंचाळायचा, आणि आमच्या गल्लीत शेळ्या भरपूर. पहिल्या आठवड्यात लोक धावत आले, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सकाळी शाळेला निघताना सगळं सोडवायला मला बारा मिनिटं लागत. मनीषा म्हणायची, "चोरानं एवढी मेहनत केली तर गाडी त्यालाच द्या."

गाडी पंक्चर झाली की माझे हाल सुरू होत. गल्लीच्या कोपऱ्यावर बबन बसलेला. मी गाडी मागच्या बाजूनं, शेतातल्या पाणंदीनं ढकलत शेजारच्या गावापर्यंत नेत असे. चिखलाच्या दिवसांत एकदा मला एका शेतकऱ्यानं थांबवून विचारलं, "सर, तुमच्या कोपऱ्यावर तर गॅरेज हाय की." मी म्हणालो, "व्यायाम होतो."

मग व्हायचं तेच झालं. शाळेत तपासणी होती त्या दिवशी साखळीची किल्ली हरवली. कपाट झालं, खिसे झाले, तांदळाचा डबाही झाला. साडेआठ वाजून गेले. साखळी कापायचं यंत्र गावात एकाच माणसाकडे होतं. मी त्याच्याकडे जाऊ शकलो नाही, मनीषा गेली. बबन आला, काही न बोलता खाली बसला आणि दोन मिनिटांत साखळी तोडली. उठताना म्हणाला, "सर, आता गाडी उघडीच ठेवत जावा. ह्या गल्लीत तुमच्या गाडीला हात लावायची कुणाची हिंमत न्हाई." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी तपासणीला वेळेवर पोहोचलो. साहेबांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही.

हे सगळं अण्णा आपल्या ओट्यावरून बघत होते. संध्याकाळी मला हाक मारली. चहा स्वतः केला, कपात ओतला आणि म्हणाले, "सर, माझी बी गाडी गेलती. बावीस-तेवीस वरसं झाली. कारखान्याच्या क्वार्टरच्या दारातून. गेटवरच्या वॉचमनची गाडी त्याच्याच दारातून जाती, लई हसले लोक. मुकादम हसले, ट्रकवाले हसले. ते हसू बंद कराया कुणाचं तरी नाव पायजे व्हतं."

क्वार्टरच्या भिंतीमागे ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. त्यात लक्ष्मण नावाचा एक विशीतला तरुण होता. गाड्यांची त्याला हौस. आदल्या दिवशी त्यानं अण्णांची गाडी आपण होऊन पुसून दिली होती. "तेच म्या चौकीत सांगितलं," अण्णा म्हणाले. "गाडीला हात लावत व्हता म्हणून. दोन दिवस बसवून ठेवलं त्याला. मारलं का, ते मला ठाव न्हाई. इचारायची हिंमत झाली न्हाई. मुकादमानं त्याला अन् त्याच्या मायला टोळीतून काढून दिलं. पंधरा दिवसांनी गाडी सापडली. भलत्याच माणसांकडं, भलत्याच गावात."

"मग तुम्ही त्याला शोधलं?"

"न्हाई."

"गाव माहीत नव्हतं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "ठाव हाय. तवापासून ठाव हाय." थोडं थांबून म्हणाले, "लोकांला वाटतं म्या चोराच्या भीतीनं हँडल हालवतो. चोर नेतो ती गाडी, सर. गाडी जाऊ दे. गाडी गेली की आपल्या तोंडात कुणाचंतरी नाव येतं. ते येऊ नये म्हणून लॉक. अन् बघा, त्याच नादात म्या बबनला बसवला चौकीत."

"तो मी बसवला," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो.

"रविवारी मोकळे हाव का?" अण्णांनी विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होतो, अण्णा मागे दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. तेलगाव, सिरसाळा मागे पडले. परळीत चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "सर, आज नगं. घरी कुणी नसंल त्याच्या." मी त्यांना धीर दिला, म्हणालो, एकदा समोर जाऊन बोललं की मन मोकळं होतं. चार महिने पाणंदीनं गाडी ढकलणारा माणूस हे बोलत होता, हे अण्णांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. कप ठेवला आणि मागे येऊन बसले.

घाटनांदूरच्या पुढे एक लहान गाव. गावाच्या कडेला, बाभळीचं कुंपण घातलेल्या मेंढ्यांच्या वाड्याला लागून लक्ष्मणचं घर होतं. ऊसतोडीला तो पुन्हा कधी गेला नव्हता. मामाची मेंढरं राखता राखता स्वतःची केली होती. चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, एक कोकरू मांडीत घेऊन त्याच्या लोकरीतले काटे काढत बसला होता. मी गाडी उभी केली. हँडल लॉक केलं की नाही, हे अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं नसावं.

लक्ष्मणनं मान वर करून बघितलं. "वॉचमन सायेब ना?" त्यानं घोंगडी अंथरली, पाणी आणून दिलं. अण्णांनी पाणी हातातच धरलं आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. लक्ष्मण काटे काढत राहिला.

"गाडी सापडली ते मला कळलं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या टोळीतल्या एकानं सांगितलं. वाटलं, आता येतील सायेब. मायला सांगितलं. माय म्हनायची, उगंच कोण कुणाला धरतंय? तू कायतरी केलं असशील. म्या लई येळा सांगितलं तिला. चार वरसाखाली गेली. शेवटाला बी म्हनली, जाऊ दे, झालं ते झालं." कोकरू त्यानं खाली सोडलं. "तिच्या मनातून काय गेलं न्हाई ते."

अण्णांनी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

"म्या काय करू, सांग," अण्णा म्हणाले.

"मला सांगून काय उपेग? मला ठावच हाय. पारावर चला. तिथं सांगा."

पारावर आठ-दहा माणसं बसली होती. लक्ष्मण एका बाजूला उभा राहिला. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या नामदेव. कारखान्यावर वॉचमन व्हतो. ह्या लक्ष्मणानं माझी गाडी चोरली असं म्या चौकीत सांगितलं व्हतं. त्यानं चोरली न्हवती. माझी लाज झाकायला म्या त्याचं नाव घेतलं. गाडी दुसरीकडं सापडली, ते बी सांगाया आलो न्हाई. चूक माझी हाय."

पाराच्या कडेला बसलेले एक अगदी थकलेले आजोबा कानाला हात लावून शेजाऱ्याला म्हणाले, "काय म्हनतोय?" शेजारी सांगायला लागला, पण लक्ष्मण म्हणाला, "त्येंनाच सांगू द्या." मग अण्णांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, त्या आजोबांच्या कानापाशी वाकून. मी कारखान्याच्या गेटवर कधी गेलो नव्हतो, पण तिथं अण्णांचा आवाज असाच लागत असेल. आजोबांनी मान हलवली आणि लक्ष्मणकडे बघत म्हणाले, "तुझी माय पायजे व्हती रं आज."

लक्ष्मण आम्हाला परत घरी घेऊन गेला. मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा दिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि अण्णांनी विचारलंही नाही. निघताना म्हणाला, "जावा सावकाश. परळीच्या अलीकडं रस्ता उखणलाय."

परतीच्या वाटेवर अण्णा सिरसाळ्याच्या पुढे माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणाले, "सर, तुमचं राहिलंय."

"माझं काय? मी चौकीत तेव्हाच सांगितलं की."

"गल्लीत लोक काय म्हनतात, ठाव हाय का?"

ठाव होतं. गल्लीत लोक म्हणत होते, सर मोठ्या मनाचे, त्यांनी बबनला सोडवलं. हे माझ्या कानावर दोन-तीनदा आलं होतं, आणि मी ते अशा चेहऱ्यानं ऐकलं होतं, की विनय पण दिसावा आणि नकारही होऊ नये.

पुढच्या रविवारी, बाजाराच्या गर्दीच्या वेळी, मी बबनच्या गॅरेजपुढे जाऊन उभा राहिलो. सहा-सात माणसं गाड्या घेऊन थांबली होती. मी घरून मुद्दे काढून नेले होते, तीन. "बबन, मला चार लोकांसमोर काही सांगायचंय," म्हणालो. त्यानं पान्हा खाली ठेवला. "थांबा," म्हणाला आणि घरी जाऊन सुनीताला आणि मुलीला घेऊन आला. सुनीताचे हात पिठाचे होते. "आता सांगा."

तिन्ही मुद्दे माझ्या डोक्यातून गेले. मी म्हणालो, "किल्ली मी गाडीलाच विसरलो होतो. हँडल लॉक होतं असं खोटं सांगितलं. बायकोला, तुम्हाला, पोलिसांना. मग खोटं टिकवायला बबनचं नाव घेतलं. मी याला सोडवलं नाही, मी याला बसवलं." किराणा दुकानदार हसला. एकानं विचारलं, "किल्ली गाडीलाच व्हती?" मी म्हणालो, "हो, गाडीलाच." अजून दोघे हसले. सुनीता हसली नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि मुलीला घेऊन घरी गेली. बबननं पान्हा उचलला. "व्हा बाजूला सर, उजेड अडतोय."

दूर, आपल्या ओट्यावर अण्णा उभे होते. मी तिकडे पाहिलं तेव्हा ते वळून आत गेले.

बबन आणि मी मित्र झालो असं मी म्हणणार नाही. गाडी मी त्याच्याकडे नेऊ लागलो, तो काम करू लागला, कामापुरतं बोलू लागला. पण अण्णांकडे तो रोज संध्याकाळी जाऊन बसू लागला. दोघं काय बोलत हे मला माहीत नाही. फाटक आता दिवसभर उघडं असायचं. अण्णांना डोळ्यांनी कमी दिसू लागल्यावर दुपारच्या फेरीत त्यांचा हात धरायला बबनची मुलगी असायची. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात अण्णा आणखी दोनदा लक्ष्मणच्या गावी जाऊन आले. एसटीनं, एकटे. एकदा येताना घोंगडी घेऊन आले. विकत घेतली की दिली, विचारलं तर म्हणाले, "ऊब लई हाय हिला."

दुसऱ्या वर्षी मी प्रशिक्षणासाठी बीडला गेलो होतो. सकाळी वर्ग सुरू होत होता, तोच फोन वाजला. बबनचा नंबर माझ्याकडे होता, पण त्याच्याकडून फोन कधी आला नव्हता.

"सर, अण्णा गेले," तो म्हणाला. "पहाटं झोपेतच. पुण्याहून मुलगा निघालाय, दुपारपर्यंत येईल."

पलीकडून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी बांबू कुठे आहेत ते विचारत होतं.

"रजा मंजूर करून, एसटी धरून मला यायला तीन वाजतील," मी म्हणालो. "तुम्ही... उशीर करू नका."

"या तुमी," बबन म्हणाला. "मुलगा लवकर आला तरी आमी थांबतो तुमच्यासाठी."

मी पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सगळी गल्ली रस्त्यात उभी होती. मुलगा येऊन दोन तास झाले होते. घाटनांदूरकडून लक्ष्मणही आला होता. फाटकाच्या कडेला उन्हात उभा होता. तिरडी उचलली तेव्हा मी मागे राहिलो होतो. बबननं वळून पाहिलं, बांबूखाली स्वतः थोडा पुढे सरकला आणि स्वतःच्या मागे माझ्यासाठी जागा केली.